सामना जामठ्यात, गल्ला कुठे?

६ फेब्रुवारी २०२५. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर भारत-इंग्लंड वनडे, सामना दुपारी दीडचा. भाच्यानं हट्टच धरला म्हणून दोघं सकाळीच निघालो. खापरी मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली निळ्या टी-शर्टांचे ढीग लागले होते, गालावर तिरंगा रंगवणारी पोरं ब्रश घेऊन मागे लागत होती आणि वर्धा रोडवर गाड्यांची रांग. ते सगळं बघून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आमच्या भाच्यानं तिथंच तोंडी गुणाकार केला. "मामा, पंचेचाळीस हजार लोक. सरासरी दीड हजाराचं तिकीट धरलं तर पावणेसात कोटी. एका दिवसात! नागपूरची तर चांदी आहे ना."

गुणाकार बरोबर होता. पण ज्या पेटीतले पैसे तो मोजत होता ती दुकानातली सगळ्यात लहान पेटी. मोठी पेटी नागपुरात नव्हतीच. हे मेट्रोत उभ्यानं समजावणं जमलं नाही, म्हणून आता सावकाश लिहितोय.

विकायला काय आहे?

क्रिकेटचा सामना म्हणजे वस्तू नाही, साबणासारखा तो बांधून देता येत नाही. मग विकतात काय? आत बसून बघण्याची परवानगी, म्हणजे तिकीट. खेळाडूच्या छातीवर किंवा स्पर्धेच्या नावाआधी आपलं नाव लावण्याची परवानगी, म्हणजे प्रायोजकत्व. आणि सामना कॅमेऱ्यातून लोकांच्या घरी दाखवण्याची परवानगी. ह्या तिसरीला प्रक्षेपण हक्क म्हणतात. सगळा खेळ ह्या तिसरीचा आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालातून काळी-पिवळी मारबत निघते. ज्यांची गॅलरी त्या रस्त्यावर उघडते, त्यांच्याकडे त्या दिवशी वर्षभर न फिरकलेले नातेवाईकही चहाला येतात. आता कल्पना करा, रस्ता दोन्हीकडून बंद केला, बाकीच्या सगळ्या खिडक्यांना पडदे लावले आणि मारबत दिसेल अशी एकच गॅलरी ठेवली. त्या गॅलरीचं भाडं किती होईल? मारबत तीच, ढोल तेच, पण "फक्त इथूनच दिसेल" म्हटलं की भाव गगनाला भिडतो. प्रक्षेपण हक्काची किंमत ह्या "फक्त"ची असते. पन्नास चॅनलना एकच सामना दाखवायची मुभा दिली तर कोणीच मोठी रक्कम मोजणार नाही.

झाडावरचा बहार

काटोल, नरखेड, वरूडकडच्या वाचकांना पुढची गोष्ट समजवायची गरज नाही. संत्री झाडावर असतानाच व्यापारी येतो, बगीचा फिरून बघतो, अंदाज बांधतो आणि सगळा बहार एकरकमी ठरवून इसार देऊन जातो. शेतकऱ्याला पैशाची खात्री मिळते. मग भाव चढला तर फायदा व्यापाऱ्याचा, पडला तर मार त्यालाच.

क्रिकेट बोर्डानं जून २०२२ मध्ये हेच केलं. आयपीएलचे २०२३ ते २०२७ असे पाच बहार झाडावरच विकले. ई-लिलावात एकूण रक्कम झाली ४८,३९० कोटी रुपये, सामने धरले होते ४१०. भारतीय उपखंडातल्या टीव्हीचे हक्क डिस्ने स्टारनं २३,५७५ कोटींना घेतले, मोबाइल-इंटरनेटचे मुख्य हक्क व्हायकॉम१८ नं २०,५०० कोटींना, बाकी काही निवडक सामने आणि परदेशी हक्क मिळून उरलेली रक्कम. त्याआधीच्या पाच वर्षांचा सौदा १६,३४७.५ कोटींचा होता. म्हणजे एका फेरीत जवळजवळ तिप्पट.

भागाकार करून बघा. एका सामन्याला ११८ कोटी. वीस-वीस षटकं म्हणजे २४० चेंडू, तर एका चेंडूला साधारण ४९ लाख. गोलंदाजानं वाइड टाकला तर तो जास्तीचा चेंडू फुकटात पडला म्हणायचा!

पण वसूल कसे होतात?

टीव्हीवाल्याला एका सामन्याचे साडेसत्तावन्न कोटी पडले. त्याच्याकडे विकायला आहेत सेकंद. षटक संपलं की जाहिरात, विकेट पडली की जाहिरात, आणि दोन्ही डावांत मिळून अडीच-अडीच मिनिटांचे चार टाइमआउट. समजा सगळं मिळून एका सामन्यात २,४०० सेकंद हाती आले. तर नुसती मुद्दल काढायलाच दहा सेकंदांचे सुमारे २४ लाख मिळायला हवेत, आणि तेही शेवटच्या षटकाला एक भाव आणि सामना एकतर्फी झाला तरी तोच भाव, अशा हिशेबानं. ते नेहमी जमत नाही. म्हणून वर ग्राहकाची वर्गणी लागते, ज्याच्यासाठी तुमच्या केबलच्या पॅकमध्ये स्पोर्ट्स चॅनल असतं.

इथं कोणी म्हणेल, व्हायकॉम१८ च्या जिओसिनेमा अ‍ॅपनं २०२३ मध्ये आयपीएल चक्क फुकट दाखवली, ते काय धर्मादाय होतं? नाही हो. बर्डीवर नवीन दुकान उघडलं की पहिले काही दिवस सरबत वाटतात ना, तसं. तुमचा मोबाइल नंबर, तुम्ही काय बघता, किती वेळ बघता, हे एकदा कळलं की जाहिरातदाराला सांगता येतं की ट्रॅक्टरची जाहिरात काटोलच्या फोनवर आणि फ्लॅटची बेसावाल्याच्या फोनवर दाखवतो. सवय लागली की पुढे पैसे मागता येतात. मागितलेही.

हे सगळे पैसे खेळालाच का मिळतात, सिनेमाला का नाही? संत्र्याची बर्फी आठ दिवस टिकते, रस तासाभरात कडू होतो. सिनेमा बर्फी आहे, आज नाही तर रविवारी बघू. सामना रस आहे. निकाल कळला की उद्या कोणी बघत नाही. त्यामुळे लाखो लोक एकाच मिनिटाला, पुढे सरकवायची सोय नसताना, एकाच पडद्यासमोर बसतात. हल्ली अशी गर्दी जाहिरातदाराला दुसरीकडे कुठे मिळत नाही. अमेरिकेत सुपर बोल म्हणजे तिथल्या फुटबॉलच्या फायनलमधल्या तीस सेकंदांच्या जाहिरातीला २०२५ मध्ये सुमारे ८० लाख डॉलर पडले, ते ह्याच कारणानं.

आता पुन्हा भाच्याच्या पावणेसात कोटींकडे

जामठ्याचा तो वनडे आयपीएलचा नव्हता. भारताच्या मायदेशातल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांचा वेगळा सौदा आहे. २०२३ ते २०२८, ८८ सामने, ५,९६३ कोटी. एका सामन्याला जवळपास ६८ कोटी. मैदान शेवटच्या खुर्चीपर्यंत भरलं तरी तिकिटांचे पैसे ह्याच्या दहाव्या भागाएवढे. तिकिटाची पेटी यजमान संघटनेकडे जाते, आपल्याकडे ती विदर्भ क्रिकेट असोसिएशन. मोठी पेटी मुंबईत, बोर्डाच्या मुख्यालयात उघडते.

जरा कडक शब्दांत सांगायचं तर आपण पंचेचाळीस हजार लोक त्या दिवशी ग्राहक कमी आणि सजावट जास्त होतो. रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळलेला सामना टीव्हीवर फिका दिसतो, हे कोरोनाच्या काळात सगळ्यांनी बघितलं. आमचा आरडाओरडा हा त्या मालाचा भाग. तो करायचे पैसे आम्हीच भरले, ही गंमत वेगळी.

दूरदर्शनवर तर फुकट दिसायचं

दिसायचं. आणि तेव्हा दाखवण्याच्या खर्चापोटी दूरदर्शनच आयोजकांकडे पैसे मागत असे! हे उलटं व्हायला लागलं १९९३ मध्ये, आणि वाद पेटला त्या वर्षीच्या हिरो कपमध्ये. बंगालच्या क्रिकेट संघटनेनं हक्क परदेशी कंपनीला विकले, सरकारनं आडकाठी केली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये कोर्टानं सांगितलं की आकाशलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. तिथून बाजार खुला झाला.

मग २००७ मध्ये कायदा आला. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांचं चित्र खासगी चॅनलनं दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायचं, आणि टीव्हीवरच्या त्या जाहिरातींच्या उत्पन्नातला किमान ७५ टक्के वाटा हक्क विकत घेणाऱ्याचा. म्हणून काही सामने डीडीवर दिसतात. पण मग तेच डीडी केबलवर लावलं तर? २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं तेही थांबवलं. ते चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यापुरतं, खासगी केबलवर नाही. ज्याच्या छपरावर फ्री डिशची छत्री आहे त्याला फुकट, ज्याच्या भिंतीतून केबल येते त्याला नाही. गॅलरी एकच ठेवायची म्हटलं की असे पडदे लावावे लागतात.

नावाचा धंदा

प्रायोजकांबद्दल थोडक्यात. आयपीएलच्या नावाआधी "टाटा" लावण्यासाठी २०२४ ते २०२८ ह्या पाच मोसमांचे २,५०० कोटी. भारतीय संघाच्या जर्सीवर ड्रीम११ ह्या ऑनलाइन खेळांच्या कंपनीचं नाव होतं, पण ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि छाती रिकामी झाली. सप्टेंबरमध्ये तिथं अपोलो टायर्स आलं, ५७९ कोटींत. एक कायदा झाला आणि जाहिरातदारांचा अख्खा वर्गच बाजारातून उठला. बहार झाडावर घेणाऱ्या व्यापाऱ्याला गारपीट म्हणतात ती हीच.

पैसे मोजूनही नाव राहीलच असं नाही. १९९६ च्या विश्वचषकात अधिकृत पेय कोकाकोला होतं. पेप्सीनं "आमचं अधिकृत काहीच नाही" अशा थाटात जाहिराती केल्या, आणि आज पंचेचाळिशीच्या माणसाला विचारा, त्याला पेप्सीच आठवते.

हॉटेलं, रिक्षा, पोहेवाले: त्यांना तर मिळतात ना?

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो आणि त्यात तथ्य आहे. बाहेरून माणूस आला, खोली घेतली, सावजी खाल्लं, हे पैसे खरंच शहरात नवे आले. पण तीन गोष्टी वजा कराव्या लागतात.

नागपूरच्याच माणसानं तिकिटावर दीड हजार घातले तर त्या महिन्यात सदरमधलं एक जेवण कमी होतं. पैसे शहरातच होते, फक्त खिसा बदलला. दुसरं, फेब्रुवारी म्हणजे लग्नसराई. संघ, अधिकारी, टीव्हीचा ताफा ह्यांनी खोल्या घेतल्या, तर ज्या वऱ्हाडाला त्या मिळायच्या होत्या ते वऱ्हाड दुसरीकडे गेलं. हिवाळी अधिवेशनात रामदासपेठेत खोली शोधून बघा, म्हणजे कळेल. खोल्या तेवढ्याच असतात, पाहुणा बदलतो.

तिसरी गोष्ट गळतीची. ती मला खापरीच्या जिन्याखाली दिसली. भाच्यासाठी टी-शर्ट घेतला. अडीचशे सांगितले, दोनशेला दिला. पाठीवर अठरा नंबर, आणि "कोहली"चं स्पेलिंग पण चुकलेलं. (कोहली त्या दिवशी गुडघ्यामुळे खेळलाच नाही, ते नंतर कळलं.) विकणाऱ्या पोराला विचारलं कुठचा, म्हणाला हुगळीकडचा. माल? तिरुपूरचा. राहतोस कुठे? "स्टेशन पे, भैया. नौ को कटक है ना." पुढचा वनडे ९ तारखेला कटकला होता. संघामागोमाग फिरणारी ही वेगळीच टीम. माझ्या दोनशेपैकी नागपुरात काय राहिलं असेल? त्याचे पोहे आणि चहा. तर्रीचा कटोरा त्यानं दोनदा मागून घेतला, तेवढं मी बघितलं.

शिवाय तिकिटावरचा जीएसटी केंद्राच्या आणि राज्याच्या तिजोरीत जातो. आयपीएलच्या तिकिटावर तर सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. वर्धा रोडवर अडकलेल्या अ‍ॅम्ब्युलन्सचा हिशेब कोणाच्याच वहीत नसतो.

भाड्याचा मांडव

पैसा चित्राचा आहे, जागेचा नाही, हे पटत नसेल तर आपल्याच शहराचा इतिहास बघा.

२०१० मध्ये तेलंगण आंदोलनामुळे हैदराबादला सामने घेणं अवघड झालं, तेव्हा डेक्कन चार्जर्स ह्या तिथल्या आयपीएल संघाचं "घरचं मैदान" काही सामन्यांपुरतं जामठा झालं. २०१७ मध्ये बंगळुरू बुल्स ह्या कबड्डी संघाला बंगळुरूत स्टेडियम मिळालं नाही, तर त्यांचे घरचे सामने मानकापूरच्या इनडोअर स्टेडियममध्ये झाले. नागपूरकरांनी आठवडाभर बंगळुरूच्या नावानं घसा कोरडा केला. आणि मधल्या २०१६ मध्ये उलटं झालं. पंजाबच्या आयपीएल संघानं काही घरचे सामने नागपूरला ठेवले होते. त्या वर्षी दुष्काळ होता, लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं. मैदानाला पाणी कसं देता, असा प्रश्न मुंबई हायकोर्टात गेला आणि ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायचा आदेश झाला. सामने हलले, पण स्पर्धा झालीच आणि टीव्हीवर ठरल्या वेळी दिसलीच. गेलं ते आपल्या पोहेवाल्याचं, रिक्षावाल्याचं.

ह्याहून मोठं उदाहरण २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीचं. यजमान पाकिस्तान. भारतानं तिथं जायला नकार दिला, कारणं राजकारण आणि सुरक्षेची. भारताचे सगळे सामने दुबईत ठेवले, भारत अंतिम फेरीत पोचला आणि अंतिम सामनाही दुबईत झाला. यजमानाच्या अंगणात फायनल नाही! मांडव कोणाचा ह्यापेक्षा वऱ्हाड कोणाचं मोठं हे बघितलं जातं, आणि क्रिकेट बघणारं सगळ्यात मोठं वऱ्हाड भारतात आहे.

ऑलिम्पिकसारखं मोठं काही आणलं तर?

अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा मिळाल्या, २०३६ च्या ऑलिम्पिकची तयारी चालू आहे. "नागपूर देशाच्या मध्यभागी आहे, इथं का नाही?" असं झिरो माइलचा दाखला देऊन म्हणणारे भेटतात. तिथं हिशेब जास्त जोखमीचा आहे, कारण हक्कांचे पैसे स्पर्धेच्या मालक संघटनेकडे जातात आणि स्टेडियम, रस्ते, क्रीडाग्राम यजमानाला बांधावे लागतात.

कॅनडातल्या माँट्रियलनं १९७६ ची ऑलिम्पिक भरवली, तिचं कर्ज फिटलं २००६ मध्ये. तीस वर्षं. लॉस एंजेलिसनं १९८४ ला मात्र वीस कोटी डॉलरहून जास्त शिल्लक टाकली. फरक कशानं पडला? माँट्रियलचं बघून बाकीची शहरं मागे सरली होती आणि लॉस एंजेलिस एकटंच उरलं, त्यामुळे अटी त्यांनी घातल्या. शिवाय मुख्य स्टेडियम नवीन बांधलंच नाही, १९३२ च्या ऑलिम्पिकचं जुनं कोलिझियम वापरलं. भाव ठरवायची ताकद ज्याच्याकडे, त्याला परवडतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धा घ्यायचं कबूल केलं होतं. खर्चाचा अंदाज २६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवरून ६०० कोटींच्या वर गेला, तेव्हा जुलै २०२३ मध्ये त्यांनी माघार घेतली आणि ३८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई देऊन मोकळे झाले. भरपाई देऊन पळणं स्वस्त पडलं.

रस्ते, मेट्रो ह्या निमित्तानं होतात, हे खरं. पण रस्ता हवा असेल तर रस्ता मागावा. त्यासाठी घरी लग्न काढायची गरज नाही.

हा भाव असाच चढत राहील?

मला शंका आहे. २०२२ च्या लिलावात टीव्हीवाला आणि इंटरनेटवाला दोन वेगळे व्यापारी होते, ईर्ष्येनं बोली चढवत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते दोघे एक झाले, जिओस्टार नावाची एकच कंपनी झाली. वरूडच्या शेतकऱ्याला विचारा, गावात येणारे दोन व्यापारी भागीदार झाले तर पुढच्या बहाराचा भाव काय होतो. सध्याचा सौदा २०२७ ला संपतो. पुढच्या लिलावात रकमेपेक्षा बोली लावणारे किती जण येतात ते मी आधी बघेन.

मग हा पैसा वाईटच?

असं मी म्हणणार नाही. जामठ्याचं मैदान, विदर्भाच्या पोरांची मॅच फी, प्रशिक्षक, प्रवास, हे सगळं बोर्डाकडून राज्य संघटनांना येणाऱ्या वाट्यावर चालतं, आणि तो वाटा टीव्हीच्या पैशातूनच येतो. विदर्भानं २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीनदा रणजी जिंकली, तिच्यामागे हा पैसाही आहे. रणजी विजेत्याचं बक्षीस पाच कोटी. आयपीएलच्या भावानं फक्त दहा चेंडू!

तिसरी रणजी आपण जामठ्यातच जिंकलो. त्या इंग्लंडच्या वनडेनंतर महिन्याच्या आत, त्याच मैदानावर, केरळविरुद्ध. दानिश मालेवारचं दीडशतक, करुण नायरचं दुसऱ्या डावातलं शतक, हर्ष दुबेच्या मोसमातल्या ६९ विकेट्स, आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर चषक. पाचव्या दिवशी, रविवारी २ मार्चला, मी गेलो होतो. वर्धा रोड मोकळा. खापरीच्या जिन्याखाली एकही टी-शर्ट नाही.

संध्याकाळी घरी आलो तर भाचा टीव्हीसमोर. दुबईत भारत-न्यूझीलंड चालू होतं, वरुण चक्रवर्ती विकेटवर विकेट काढत होता. "अरे, आपण रणजी जिंकलो, अक्षय वाडकरनं चषक उचलला, मी समोर होतो," मी सांगायला लागलो. त्यानं हातानंच थांबवलं. "एक मिनिट मामा, ओव्हर होऊ दे."

ओव्हर संपली. पडद्यावर जाहिरात लागली. तेव्हा तो माझ्याकडे वळला. "हं, आता सांग. काय म्हणत होता तू?"